इन्सर्टची हवा आणि वाढणारी आच: पाचगणीची नोंद

आमच्या जुन्या घरातल्या दगडी फायरप्लेसच्या पोकळीत बसवलेला लोखंडी इन्सर्ट, म्हणजे लाकडावर चालणारी, काचेच्या दाराची बंद शेगडी, आता ताब्यात येऊ लागलाय. अडचण अशी होती की हवा कमी-जास्त करणारा लिव्हर पूर्ण बंदकडे सरकवला तरी जाळ बसायचा नाही आणि दारावरचं लोखंड तापतच राहायचं.

कारण निघालं दाराच्या कडेने फट बुजवायला बसवलेल्या दोरीत. शेगडी गार असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. वरच्या कडेला घट्ट, बिजागरीच्या खाली मात्र अलगद निसटली. तिथली ग्लासफायबरची दोरी दबून चपटी झाली होती. अशा फटीतून येणारी हवा थेट निखाऱ्यांवर जाते, लिव्हरचा तिच्यावर काही ताबा नसतो. त्याच जाडीची नवी दोरी बसवली आणि त्याच रात्री लिव्हर ऐकू लागला. जाड दोरी घेऊ नका, दार नीट लागत नाही आणि काचेवर ताण येतो.

आता हवेकडे. माझ्या मॉडेलमध्ये खालची हवा जाळीतून लाकडाच्या बुडाशी येते, ती पेटवण्यापुरती. वरची हवा तापून काचेवरून उतरते, काच काळी पडू देत नाही आणि लाकडातून सुटणारा वायू जाळते. लाकडातली बरीचशी उष्णता या वायूतच असते. म्हणून खालची हवा आधी बंद करायची, वरची टप्प्याटप्प्याने कमी करायची. आच फार वाढली म्हणून दोन्ही एकदम कोंडल्या तर ज्वाळ विझते, पण तापलेलं लाकूड वायू सोडतच राहतं. तो पेटीत साठतो, जरा हवा मिळाली की भपकन पेटतो आणि धूर खोलीत येतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खोलीत हवाच, यात तडजोड नको.

इन्सर्टचा धुराचा पाइप दगडामागे दडलेला असतो, त्यामुळे तापमापक दाराच्या वरच्या लोखंडावर लावलाय. जाड लोखंड सावकाश तापतं, म्हणजे काटा जाळाच्या मागून चालतो. काटा लाल पट्ट्यात जाईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. लाकडाच्या सगळ्या कडा पेटल्या की मी हवा कमी करायला लागतो, काटा तेव्हा खालीच असतो.

पण खरा निर्णय लाकूड घालतानाच होतो. २० टक्क्यांच्या आत ओल असलेल्या लाकडात किलोमागे साधारण ४ किलोवॅट-तास ऊर्जा असते. इन्सर्ट ७ किलोवॅटचा, कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर तासाला सव्वादोन-अडीच किलो पुरे. पेटीत जागा आहे म्हणून पाच किलो बारीक ढलप्या कोंबल्या की लिव्हर बिचारा काय करणार? आपल्याकडे सिल्व्हर ओक मुबलक, पण तो हलका. बारीक फोडला की भडकतो. वाईच्या वखारीतून आणलेली बाभूळ जड, सावकाश जळते. निखाऱ्यांवर बाभळीचे दोन मध्यम तुकडे ही जोडी मला सध्या सगळ्यात आवडते. इथल्या पावसानंतर सरपण वाळायला वेळ लागतो, तेव्हा ओल मोजायची ती तुकडा नव्याने फोडून आतल्या बाजूला. ओलं लाकूड हवा कोंडून जाळलं तर चिमणीत डांबरासारखा थर बसतो, आणि पुढे तोच पेट घेतो.

वीज गेली की इन्सर्टची गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा थांबतो आणि पेटीभोवतीची उष्णता बाहेर येत नाही, लोखंड झपाट्याने तापतं. पंख्याला इन्व्हर्टरवर घेतलंय, वरच्या-खालच्या जाळ्या मोकळ्या ठेवल्यात.

राहिला चिमणीचा ओढा, म्हणजे ती धूर आणि हवा वर खेचते तो जोर. डिसेंबरच्या गार रात्री तो वाढतो आणि लिव्हरच्या त्याच खुणेवर जास्त हवा आत जाते. या प्रकारच्या इन्सर्टची चाचणी साधारण १२ पास्कल (दाबाचं एकक) ओढ्यावर होते. माझा किती भरतो ते मोजण्यासाठी मॅनोमीटर (दाबातला फरक मोजणारं यंत्र) मागवलाय. आकडा बराच जास्त आला तर चिमणीला ओढा आवरणारी झडप बसवायची.