स्नुहीचा दाखला

भगंदरावर आयुर्वेदात क्षारसूत्र, म्हणजे औषधी लेपांचा दोरा, वापरतात. त्यावर २१ लेप चढवतात. पहिले ११ नुसत्या स्नुहीच्या, म्हणजे एका काटेरी निवडुंगाच्या, चिकाचे, पुढचे ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे ३ चीक आणि हळदीचे. चीक सगळ्यांतच. म्हणून आणलेलं झाड स्नुहीच आहे असा ओळखीचा दाखला मी कधीच घाईत देत नाही.

त्या दिवशी आयुर्वेदाची पदव्युत्तर विद्यार्थिनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली फांदी घेऊन आली. "सर, स्नुही, युफोर्बिया नेरीफोलिया. गाइडनी सांगितलंय, फक्त सही-शिक्का हवाय."

फांदी हातात घेतली तर ती गोल, गुळगुळीत. नेरीफोलियाच्या फांदीवर उंचवट्यांच्या पाच ओळी पीळ घेत वर चढतात आणि काट्यांची जोडी त्या उंचवट्यांवर असते. इथे तशा ओळी नव्हत्याच, काटे थेट फांदीच्या अंगावर. हा युफोर्बिया निव्हुलिया, त्याच कुळातला पण वेगळा, माळावरच्या खडकांत वाढणारा. गावात दोन्हींना निवडुंगच म्हणतात.

तिला पटेना. संग्रहातले वाळवलेले नमुने चिकटवलेले जुने कागद काढले, तर त्यांतल्या काही गोल फांद्यांवरही नेरीफोलियाच लिहिलेलं! या गोंधळाचं मूळ झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसपर्यंत जातं. त्याने १७५३ मध्ये नेरीफोलियाखाली ऱ्हीडच्या 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या झाडांवरच्या सचित्र ग्रंथातल्या 'एल-कळ्ळी' या झाडाचाही हवाला दिला. वनस्पतिशास्त्रज्ञ बुखानन-हॅमिल्टनने १८२५ मध्ये ती वेगळी काढून निव्हुलिया हे नाव दिलं. म्हणजे या नावाचा आधार वाळवलेला नमुना नाही, ऱ्हीडच्या ग्रंथाच्या १६७९ च्या दुसऱ्या खंडातलं त्रेचाळिसावं चित्र आहे. निवडुंग दाबून वाळवणं महाकठीण. पानं गळतात, गर कुजतो, चीक डोळ्यात गेला तर हाल. अशा झाडांत चांगलं चित्रच कामी येतं. (याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट या कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरीत छापलंय. ते पान मी प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवतो.)

चित्र पडद्यावर मोठं केलं, शेजारी तिची फांदी धरली. ती बराच वेळ काट्यांच्या बुडाशी बघत राहिली. मग म्हणाली, "सर, प्रबंधाच्या मंजूर शीर्षकात नेरीफोलिया आहे."

"मग झाड बदल, दाखला नाही बदलणार."

दाखल्यावर मी निव्हुलिया लिहिलं. तिच्या गाइडना फोन करून फरक समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कुंपणाला लावलेला खरा नेरीफोलिया कुठे मिळेल तेही मी त्यांना सांगितलं. संध्याकाळी संग्रहातल्या त्या जुन्या कागदांवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मूळ लेबल खोडायचं नसतं. नवं नाव, सही आणि तारीख त्याच्या बाजूला.