सहा नद्या ओलांडल्या की चिपळूण

गणपती किंवा शिमगा जवळ आला की आमच्या नेरुळच्या सोसायटीत कोणीतरी हमखास विचारतं, "दोन पोरं घेऊन चिपळूणपर्यंत गाडीनं जाता, रडारड होत नाही? मोबाइल देता का?" नाही देत. रडारड होते, पण बेताची. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पोरं रस्त्याला कंटाळत नाहीत, "अजून किती वेळ?"च्या उत्तराला कंटाळतात. चार वर्षांच्या मुलाला "दोन तास" म्हणजे काय कळणार? आपण "आलंच हं" म्हणून थाप मारतो आणि ती पकडली गेली की पुढचं काहीच त्याला खरं वाटत नाही. म्हणून आमच्या गाडीत अंतर नद्यांत सांगतात. पनवेल सोडलं की आधी कर्नाळ्याचा सुळका शोधायचा. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याला राजगिऱ्याचा लाडू. मग खारपाड्याला पाताळगंगा, नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, भरणे नाक्याला जगबुडी आणि शेवटी वाशिष्ठी. धाकटा एकेक बोट मुडपत जातो. "किती राहिलं?" हे आता तोच आम्हाला सांगतो. प्रत्येक पुलावर बघायला काहीतरी असतंच. पाताळगंगेला भरती आहे की ओहोटी? कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी कुठून येतं? (वर भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडतात. हे मलाही लेकीनं विचारल्यावरच शोधावं लागलं.)

मोबाइल न देण्यामागे कसलंही तत्त्व नाही, उलटी आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो गाडी हलतेय, पडद्यावर खिळलेले डोळे म्हणतात काहीच हलत नाही, आणि या भांडणात पोट ढवळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी जास्त लागते. लांबचं, बाहेरचं बघत राहिलं तर कमी लागते, म्हणजे नद्यांचा तोही फायदा. निघताना "उपाशीपोटी नको" म्हणून आमच्या सासूबाई ग्लासभर दूध पुढे करायच्या. त्याचा हिशेब वडखळच्या आधीच चुकता व्हायचा. आता पोळी-चटणी, चुरमुरे आणि डब्यात आवळासुपारी. दीड-दोन तासांनी थांबतो, पण खुर्चीवर बसवायला नाही, पळवायला.

एका बाबतीत मात्र मी कोणाचं ऐकत नाही. लेकरू कितीही रडलं तरी पुढच्या सीटवर मांडीत घ्यायचं नाही. एअरबॅग मोठ्या माणसाच्या मापाची असते, ती फुटली की मांडीतल्या मुलाला वाचवत नाही, जखमी करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंडही आहे.

गणपतीत वडखळला गाडी अडकली की नद्यांचा खेळ निकामी होतो, कारण पुढची नदी येतच नाही. तेव्हा नंबरप्लेटी. ४३ आपली, ०४ ठाण्याची, ०६ रायगड, ०८ रत्नागिरी. ०८ दिसली की थोरली लेक गावची म्हणून टाटा करते. ०७ दिसली की म्हणते, "बापरे, यांना सिंधुदुर्गात जायचंय!" आणि मग थोडा वेळ तरी स्वतःची तक्रार बंद ठेवते.