तिसऱ्या रांगेतली मुलगी

काल वर्सोव्यात, आरामनगरच्या त्या छोट्या थिएटरात माझी भुताची फिल्म दाखवली. आईचा शॉट आला आणि लोक हसले.

सगळे नाही, दोघंच. पण एवढ्याशा थिएटरात दोघांचं हसूही पुरतं.

शॉट साधा आहे. मागची पडवी, बाजेपलीकडे काळोख, त्यात आई उभी. केस मोकळे, आजीचं जुनं नऊवारी. अकरा सेकंद काहीही होत नाही. म्युझिक मुद्दाम टाकलेलं नाही. व्हायोलिन किंचाळलं की प्रेक्षकाला कळतं, आता दचकायचंय, आणि तो सावरून बसतो. शांततेत बिचाऱ्याला कुठे बघायचं तेच कळत नाही. पण काल शांतता होतीच कुठे? डोक्यावर एसी घरघरत होता. आणि मग ते हसू.

आईला घेतलं कारण पैसे नव्हते. त्यात लपवण्यासारखं काय आहे? 1972 च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी भुतांचे पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंनी अख्खं घरदार महाबळेश्वरला नेलं होतं. कॅमेरा एका भावाकडे, साउंड दुसऱ्याकडे, एडिटिंग तिसऱ्याकडे. ते सात भाऊ होते. मला एक आहे, बँकेत. असो.

शो संपल्यावर जो तो पाठीवर हात ठेवून 'तुंबाड' या भयपटाचं सांगत होता. 2012 ला शूटिंग सुरू, 2018 ला रिलीज, 2024 ला परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त धंदा. वर्सोव्यात हा पिक्चर आता सुतकात गरुडपुराण वाचावं तसा सांगतात. ओटीटी प्लॅटफॉर्मवाला एक मुलगा म्हणाला, "सर, कॉमेडी थोडी वाढवता येईल? सध्या तेच चालतंय." वाढवता! म्हणजे आहेच, असं धरून चालला तो. त्यात आपलं 'ए' सर्टिफिकेट, फक्त प्रौढांसाठी, म्हणजे आहे तशी टीव्हीवर जाणार नाही. कोणासाठी करतो आपण हे सगळं? साड्यांच्या जाहिराती करून जमवलेले पैसे, आणि ते असे हसण्यावारी.

रात्रभर डोक्यात तेच. हसले म्हणजे नक्की काय केलं? मागचा माणूस चक्क हसला, त्याचं सोडा. पण तिसऱ्या रांगेतली ती मुलगी हसली आणि त्याच क्षणी तिने दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले. सँडल खालीच राहिल्या. मी कडेला उभा होतो, नीट पाहिलं. नुसतं हसू आलं तर पाय कशाला वर घेईल कोणी? की एसीने गारठली होती? बायकोला उठवून विचारलं. म्हणाली, "झोप आता, नाहीतर मी घाबरेन तुला."

सकाळी आईचा फोन. "काय रे, घाबरले का?"

"हसले."

"हसणारच. तू मागून ओरडतोयस, आई पापणी हलवू नकोस, आणि इकडे कानाशी डास. मलाच हसू आवरत नव्हतं."

फोन ठेवून लॅपटॉपवर शॉट लावला. सातव्या सेकंदाला तिच्या ओठाचा डावा कोपरा खरंच हलतो. किंचित. एडिटला इतक्यांदा पाहिला, दिसला नव्हता. आता दुसरं काही दिसतच नाही, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत नाही ते बघून.

साउंडवाल्याला कळवलंय, तिथे रातकिडे आणखी खाली घे. शॉटला हात लावायचा नाही.

आईचं म्हणणं, पुढच्या वेळी भूतच दे हवं तर, पण बोलणारं दे.