गल्लीची वही

आज कपाट आवरताना एप्रिल २०२१ ची वही सापडली. कोरोनात नागपुरात बेड मिळेना, तेव्हा महाल भागातल्या आमच्या गल्लीनं सुरू केलेली. तिच्यात रकाने: घर, सकाळ-संध्याकाळचं ऑक्सिजन, डबा कोणाकडून. ऑक्सिमीटर अख्ख्या गल्लीत दोनच. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून दारोदार फिरायचे. आकडा ९४ च्या खाली गेला की समोरच्या काकू डॉक्टरांना फोन लावायच्या, अन् तोवर पालथं झोपायला सांगायच्या. ज्यांच्याशी नळाच्या पाण्यावरून आमचं बोलणं बंद होतं, त्यांच्याच घरून पंधरा दिवस वरण-भात आला. हे मी जन्मात विसरणार नाही.

एका पानावर बाबांच्या नावापुढे ८९ आहे. मग ९१. मग ९५. त्या ९५ भोवती कुणीतरी लाल पेनानं गोल केलाय.