साठ सेकंद

एचआरमधल्या मुलीचा फोन आला तेव्हा मी बडोद्याच्या खंडेराव मार्केटात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होतो. "सर, बावीस नवीन ट्रेनी आलेत. मूल्याधारित नेतृत्वावर तासभर बोलाल का? जरा इन्स्पायर करा सगळ्यांना." भाजीवाली तेवढ्यात भावाला तयार झाली आणि मला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून हो म्हणून टाकलं.

संध्याकाळी तिनं तयार स्लाइड्स पाठवल्या. पहिलीवर एक माणूस डोंगराच्या कड्यावरून दुसऱ्याला हात देऊन वर ओढतोय. दुसरीवर सहा शब्द. हेच सहा शब्द कंपनीच्या गेटावर पितळी पाटीवर कोरलेले आहेत. पाटीला टेकून वॉचमनची सायकल लावलेली असते, त्यामुळे शेवटचे दोन शब्द मला रिटायर होईपर्यंत वाचता आले नाहीत.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, पस्तीस वर्षं व्हॉल्व्ह टेस्ट केले. आधी स्वतः केले, मग करवून घेतले. मालक कधीच नव्हतो आणि हेल्परही फार दिवस नव्हतो. मधला माणूस. वरचा ओरडला की खाली ओरडायचं, खालचा अडला की वर जाऊन गुळमुळीत बोलायचं. नेतृत्वावर लोक भाषणं देतात ती राजांची नाहीतर मालकांची. मधल्याला कोण विचारतो? आणि माझा अनुभव असा की खरी गोम तिथेच असते.

सांगायचं तर आधी टेस्टिंग सांगावं लागेल. कंटाळा येईल, पण थोडक्यात उरकतो.

चार इंची स्टीलचा व्हॉल्व्ह घ्या, क्लास १५०, म्हणजे दाबाच्या एका ठरलेल्या वर्गातला. साध्या तापमानाला तो २८५ पीएसआय (चौरस इंचावर इतके पौंड) दाब झेलतो असं मानक सांगतं. टेस्टला त्याच्या दीडपट द्यायचा. हिशेब ४२७ आणि वर अर्धा येतो, तो पंचवीसच्या पुढच्या टप्प्याला नेऊन ४५० धरतात. दोन्ही तोंडं बंद करायची, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवायचा, पाणी भरून आतली हवा पूर्ण काढायची, पंपानं दाब चढवायचा. आणि मग साठ सेकंद काहीही करायचं नाही. नुसतं बघत उभं राहायचं.

हे बघत उभं राहणंच अवघड. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, कुठे बारीक भोक राहिलं असेल तर पाणी त्यातून वाट काढत काढत येतं. पहिली वीस सेकंदं सगळं कोरडं असतं. तिसाव्या-चाळिसाव्या सेकंदाला मानेपाशी टाचणीच्या डोक्याएवढा थेंब दिसतो. आम्ही त्याला घाम फुटला म्हणायचो. आणि एक, टेस्ट रंग लावायच्या आधी करायची. रंगाचा थर भोक बुजवून धरतो, मग टेस्टमध्ये व्हॉल्व्ह पास आणि गिऱ्हाइकाकडे नापास.

१९९१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मला लागून दोनच वर्षं झाली होती. आमचे फोरमन शहरातल्या वाडी भागात राहायचे, सगळा शॉप त्यांना काका म्हणायचा. भला माणूस म्हणावा तर तसं नव्हतं. भयंकर चिक्कू, तंबाखूची पुडी कुणापुढे धरायचे नाहीत. कौतुकाचा शब्द तोंडातून निघायचा नाही. माझ्या हातून एकदा दाब मोजायचा गेज पडला तर आठ दिवस मला "महाराज" म्हणून हाक मारत होते. अशा माणसानं मला काही शिकवलं असेल असं त्या वेळी कुणी म्हणालं असतं तर मी हसलो असतो.

त्या दिवशी बारा व्हॉल्व्ह ट्रकवर चढले होते, ट्रक सकाळी निघणार होता. मी सेकंड शिफ्टला होतो. रात्री साडेनऊला काका भिजून चिंब होऊन सायकलवरून परत आले. वाडीहून मकरपुरा, भर पावसात. जेवताना त्यांच्या डोक्यात आलं होतं की त्या लॉटला रंग आधी लागला आणि टेस्ट नंतर झाली. रंगवाल्याची घाई होती, काकांनी होऊ दिलं होतं. कुणी बघितलं नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं. मला म्हणाले, "टॉर्च धर."

आम्ही दोघांनी ते बारा नग उतरवले. घासून रंग काढला, एकेक करून बेंचवर चढवला. अकरा ठीक निघाले. बाराव्याला घाम फुटला.

मग त्यांनी रजिस्टर उघडलं, खिशातून लाल पेन काढलं आणि लिहिलं: "रंग लावल्यानंतर टेस्ट घेतली. चूक माझी." खाली सही, तारीख. आणि मला म्हणाले, "घरी जा आता, आई वाट बघत असेल." बस. ना उपदेश, ना चहा. पावसात घरी जाताना मला एकच वाटत होतं, आपल्याला असं व्हायचंय. काकांसारखं चिक्कू नव्हे, पण असं.

पुढे मी त्यांच्या खुर्चीवर बसलो, आणि काय केलं ते ऐका.

काही वर्षांनंतरचा ३१ मार्च. चाळीस नगांची ऑर्डर, ट्रक गेटात उभा, वरून दर पंधरा मिनिटांनी फोन. टेस्टिंगला बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा होता, कामाचा पक्का. एक नग चढवायचा, भरायचा, हवा काढायची, टेस्ट घेऊन उतरवायचा, म्हणजे दहा मिनिटं सहज जातात. साठातली चाळीस सेकंदं वाचवून तसं फार काही हाती लागत नाही. पण माणूस घाईत असला की त्याला हिशेब येत नाही. मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "वीस-वीस सेकंद धर. चालशे."

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाच्या तोंडी हा गुजराती शब्द जन्मापासून असतो. चालशे म्हणजे चालेल. दूध थोडं पातळ आहे, चालशे. रिक्षा दोन गल्ल्या अलीकडे सोडते, चालशे. शब्द मोठा गोड आहे आणि त्यानं आम्हा लोकांची अर्धी भांडणं वाचवलीत. टेस्ट बेंचवर मात्र त्याच्याइतका घातकी शब्द नाही.

त्या मुलानं माझ्याकडे एकदाच बघितलं. मग खाली बघून काम सुरू केलं. रजिस्टरमध्ये चाळीस ओळींत साठ-साठ लिहिलं गेलं आणि खाली माझी सही झाली.

आता गंमत अशी की त्या चाळीसपैकी एकाचीही तक्रार आली नाही. एकही गळला नाही. एखादा फुटला असता, मला मेमो मिळाला असता, तर गोष्ट तिथे संपली असती. काहीच झालं नाही, म्हणून ती वाढत गेली. जुलैत मी सहज जुनं रजिस्टर चाळत होतो. एका पानावर सगळ्या ओळी एकाच शाईच्या, एकाच तिरकसपणाच्या, सगळे आकडे एका रांगेत. खऱ्या रजिस्टरवर ओल्या बोटांचे डाग असतात, एखादा आकडा फुगलेला असतो. हे पान कोरडं होतं. चहाच्या सुट्टीत बसून भरलेलं.

मी त्याला बोलावलं आणि तोंड सोडलं. कंपनीचं नाव, गिऱ्हाइकाचा विश्वास, रिफायनरीत हा व्हॉल्व्ह कुठे बसतो माहीत आहे का तुला, सगळं. तो मान खाली घालून ऐकत होता. एकदाच त्यानं वर बघितलं आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, परत खाली. तो ३१ मार्च म्हणाला नाही. म्हणायची गरजच नव्हती. माझं वाक्य अर्ध्यात राहिलं.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की वीस सेकंद धरायला मीच सांगितलं होतं. सांगताना आवाज फाटला, त्याची लाज अजून वाटते. पण नुसतं सांगून काय होणार? म्हणून एक गोष्ट मागून घेतली. टेस्ट घेणाऱ्याची सही नसेल तर माल गेटाबाहेर जाणार नाही, आणि त्या सहीवर माझी सही चढणार नाही. वरचे हसले. म्हणाले, "तुम्हीच तुमचे हात बांधून घेताय." हो, तेच तर हवं होतं.

पहिल्याच महिन्यात त्या पोरानं सहा नग अडवले. माल दोन दिवस उशिरा गेला आणि मला वरून जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्याला काही बोललो नाही. खरं सांगतो, बोलावंसं फार वाटलं होतं.

बडोद्याच्या मराठी घरात सयाजीरावांचा फोटो असतोच, देवांच्या बरोबरीनं. माझे आजोबा संस्थानात कारकून होते, महाराजांचं नाव निघालं की सावरून बसायचे. बारा वर्षांचा गोपाळ कवळाण्याहून आला, १८७५ साली दत्तक होऊन गादीवर बसला, नंतर शिकला. त्यानं सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेलीकडच्या गावांत करून बघितलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल आणला आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. आजोबा हे आरतीसारखं म्हणायचे.

ते न म्हणायचे ती गोष्ट मला फार उशिरा कळली. १९१३ साली ज्या तरुणाला महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, ते आंबेडकर करारानुसार १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत. शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकायचे. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या वसतिगृहात उतरले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात. दोन मित्रांना विचारलं, दोघांनीही अडचण सांगितली. मग मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंत कमाटी बागेत बसून राहिले. वसतिगृहापासून पुढचं हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्या बागेत आम्ही लहानपणी शेंगा खात टॉय ट्रेनला टाटा केला, तीच ही बाग.

राजाच्या मनात काय होतं याबद्दल मला शंका नाही. पैसे त्यानं दिले, नोकरी त्यानं दिली. पण राजवाडा आणि तो शिपाई यांच्यामध्ये किती माणसं असतील? हेडक्लार्क, सुपरिंटेंडेंट, खात्याचा अधिकारी. कागद फेकलेला त्यांतल्या कुणीच बघितला नसेल? बघितला असणार. आणि त्यांच्या भाषेत जे काय "चालशे" असेल ते म्हणून मान वळवली असणार. माझे आजोबा पुढे अशाच एका कचेरीत बसले. ते काय करायचे, मी कधी विचारलं नाही.

ट्रेनींपुढे मी एवढंच बोललो. वीस मिनिटांत आटपलं. डोंगरवाली स्लाइड लावलीच नाही, त्यामुळे एचआरची मुलगी जरा नाराज दिसली. उरलेल्या वेळात सगळ्यांना टेस्ट बेंचवर घेऊन गेलो. ३१ मार्चचा तो मुलगा आता शिफ्ट इन्चार्ज आहे, कानशिलं पांढरी झालीत. काकांचं ते लाल शाईचं रजिस्टर कुठेतरी रद्दीत गेलं असावं. त्याच्याकडचं नवीन रजिस्टर मी उघडून बघितलं. डागाळलेलं होतं, बरं वाटलं.

त्यानं चार इंची नग चढवला, दाब ४५० वर नेला, स्टॉपवॉच एका ट्रेनीच्या हातात दिलं. बावीस पोरं गोल करून उभी. दहा सेकंदं सगळे गेजकडे बघत होते. वीसला एकानं फोन काढला. तिसाच्या पुढे कुठेतरी मागून आवाज आला, "थई गयुं ने, सर? क्यांय लीक नथी." बाकीचे हसले.

तो काही बोलला नाही. बॅटरी घेऊन खाली वाकला आणि मानेभोवती हळूहळू उजेड फिरवत राहिला. पोरं आपोआप गप्प झाली. मीही वाकलो, सवयीनं. गुडघे कटकन वाजले.

"साठ," स्टॉपवॉचवाला म्हणाला. यानं ड्रेन उघडला आणि सगळं पाणी माझ्या पायांवर आलं. बेंचच्या त्या बाजूला उभं राहायचं नसतं हे मीच त्याला शिकवलं होतं.

"साहेब, तुमचे बूट!"

एचआरनं शाल, श्रीफळ आणि सर्टिफिकेट दिलं. घरी आल्यावर आमच्या हिनं विचारलं, "कसं झालं भाषण?" म्हटलं, मोजे वाळत घाल आधी.