शिट्टी वाजली तेव्हा धुवायची रांग संपली नव्हती

फायर ब्रिगेडच्या जवानांना केमिकलच्या कॉलचं ट्रेनिंग देतो मी. त्या दिवशीचा ड्रिल असा की ट्रक उलटलाय, पोती फाटलीत आणि मागच्या नारिंगी पाटीवर २७८३, म्हणजे ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशक, घन. हे चामडीतून पण आत जातं, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, लाळ गळते, घाम फुटतो, श्वास अडकतो. पोत्यांत आम्ही खरं औषध नाही, यूव्ही टॉर्चखाली चमकणारी पावडर भरलेली, हे पोरांना सांगितलं नव्हतं.

सुरुवात झकास केली त्यांनी. वारा पाठीशी घेऊन लांब थांबले, दुर्बिणीतून नंबर वाचला, हॉट झोन, म्हणजे धोक्याचा घेरा, आखला, पाण्याचा फवारा मारला नाही कारण सगळं गटारात गेलं असतं. दोघं सूट आणि बीए सेट (पाठीवरची हवेची बाटली आणि मास्क) घालून आत गेले आणि ड्रायव्हरचा पुतळा उचलून आणला. मी मनात पूर्ण मार्क देऊन टाकले.

गडबड झाली डिकॉनच्या, म्हणजे अंगावरचं केमिकल धुऊन काढायच्या रांगेत. आधी पुतळा धुतला, मग पहिला जवान, आणि दुसऱ्याचा नंबर यायच्या आतच त्याच्या सेटची शिट्टी वाजायला लागली, हवा संपत आली. तो घाबरला, सूट तसाच अंगावर आणि त्याने मास्क ओढला, निघेना म्हणून मी धावलो आणि पट्टा सोडवला. नुसत्या हातांनी.

नंतर अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारला तर त्याची हनुवटी, ओठ, मान सगळं हिरवं चमकत होतं, बाहेर येऊन तो ज्या बाटलीतून पाणी प्यायला तिचं तोंड पण. मग एकाने टॉर्च माझ्याकडे वळवला, माझी दहाही बोटं आणि घड्याळाचा पट्टा. कोणी काही बोललं नाही.

चूक त्या पोराची नव्हतीच. आगीच्या कामात आपण जायची आणि परत यायची हवा धरतो, मी पण तेवढंच शिकवलेलं. इथे बाहेर आल्यावरही सूट आणि मास्कसकट धुऊन घ्यायचं असतं, मग सूट उलटा गुंडाळत काढायचा आणि मास्क सगळ्यात शेवटी, म्हणजे त्या रांगेची हवा आत शिरायच्या आधीच बाजूला ठेवावी लागते.

दुपारी परत ड्रिल घेतला, या वेळी गेटवर हवेचा गेज वाचायला त्यालाच उभं केलं. आतले दोघं अजून एक पोतं झाकू म्हणत होते, त्याने ऐकलं नाही, अर्ध्यातूनच परत बोलावलं.