बामणोलीची लाँच

फेब्रुवारी लागला की मला यवतेश्वरचा घाट आठवतो. पहाटेची बोचरी थंडी, दोन मिनीबस, मागच्या सीटवर मळमळणाऱ्यांसाठी ठेवलेली लिंबं. ४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. त्याच्या जवळचा रविवार धरून आमचं साताऱ्यातलं मंडळ पेशंटांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन बामणोलीला जायचं, शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, लाँचने फिरायला. कासची फुलं दिसावीत म्हणून सप्टेंबरात जाऊ, असं दर वर्षी कुणीतरी सुचवायचं. पण केमो चालू असलेल्या माणसाला पावसात कसं भिजवणार? मग वाळलेल्या गवताचं कास बघतच आम्ही खाली उतरायचो.

सहलीला येणाऱ्या धडधाकट माणसाने दोन सीटचे पैसे भरायचे, एक आपलं आणि एक पेशंटचं. वर उरेल ते डब्यात. तो डबा ‘टाटाला’, म्हणजे मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला, जाणाऱ्यांसाठी असायचा. उपचारांचं बरंचसं सरकारी योजनेतून निभावतं, रेल्वेत पेशंटला आणि सोबत्याला सवलत मिळते; पण परळला आठ-आठ दिवस काढायचे, सोबतच्याने दोन वेळा खायचं, इकडे त्याचा रोज बुडतो, ते कुठून यायचं? डब्यातून कितीजणांचं भागलं ते मी कधी मोजलं नाही. माझ्या आत्याचं भागलं, एवढं मला ठाऊक आहे.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली. हौसेने भाकरी-ठेचा नेला आणि स्ट्रॉबेरीच्या पाट्या नेल्या. सोबत आलेल्या एक सिस्टर त्या पाट्या बघून थबकल्या. केमोत पांढऱ्या पेशी उतरतात, सोलता न येणारी कच्ची फळं तेव्हा नकोत, असं त्यांनी समजावलं. आणि ठेचा? निम्म्या लोकांची तोंडं फोडांनी सोलवटलेली होती. ती माणसं आमचं मन राखायला भाकरी नुसतीच हातात धरून बसली होती. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पुढच्या वर्षापासून गुरगुट्या भात, वरण, वर तूप, आणि सोलून दिलेली संत्री. मिश्री-तंबाखूपायी जबड्याचं ऑपरेशन झालेल्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नसे, त्यांच्यासाठी पेज गाळून थर्मासमध्ये.

एक गुरुजी यायचे. स्वरयंत्र काढलेलं, गळ्याला श्वासाचं भोक, त्यावर जाळीचं फडकं. त्या भोकात पाणी गेलं तर थेट फुफ्फुसात. म्हणून त्यांची जागा लाँचच्या मधोमध आणि लाँचवाले मामा तुषार उडू नयेत इतक्या हळू चालवायचे. गुरुजी पाटीवर लिहून बोलायचे. पहिल्या वर्षी त्यांनी लिहिलं, ‘वासोटा चढलोय मी, १९७१ ला.’ मग ती पाटी हातोहात सगळ्या लाँचभर फिरली.

पण मला सांगायचंय ते इंजिनाबद्दल. आमच्याकडे कॅन्सर हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. ‘तो आजार’ म्हणतात, ‘गाठ होती’ म्हणतात, तेही पदराआडून. बसमध्येसुद्धा अशीच कुजबुज असायची. लाँचचं इंजिन एकदा धडधडायला लागलं की मात्र कुजबुज चालायचीच नाही. शेजारणीशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. “कितवी केमो?” “चौथी!” “केस कधी गेले?” “दिवाळीत!” ज्या आत्याने स्वतःच्या भावालाही दोन महिने काही कळू दिलं नव्हतं, तिने त्या गोंगाटात अनोळखी बाईला ओरडून सांगितलं, “डावी काढली माझी! हात सुजतो अजून!” ती बाई तितक्याच जोरात म्हणाली, “माझी उजवी!” आणि दोघी हसत सुटल्या. आत्याला इतक्या मोकळेपणी हसताना मी त्या वर्षात पहिल्यांदाच पाहिलं.

तापोळ्याच्या अलीकडे, कोयनेला सोळशी मिळते त्या बाजूला, एक काकी मामांना हात करायच्या. त्यांचं माहेर कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. मामा इंजिन बंद करायचे. काकी काठाला धरून खाली बघत बसायच्या. “हितं आमची पडवी,” म्हणायच्या, “ह्या अंगाला चिंच.” पाण्यात दिसायचं काहीच नाही, पण आम्ही सगळे वाकून बघायचो.

एका वर्षी अशीच शांतता झाली आणि मागच्या बाकावरून आत्याने सवयीने, पूर्वीच्याच आवाजात विचारलं, “काकी, कितवी चाललीय?” इंजिन बंद, त्यामुळे ते पार पलीकडच्या डोंगरापर्यंत गेलं. सगळे चपापले. काकींनी पाण्यावरची नजर न काढता तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं, “झाल्या सगळ्या!”

काकी आता नाहीत. आत्या येते. लाँच त्या जागी आली की मामा अजूनही, कुणी हात न करता, इंजिन बंद करतात.